मेलेल्या दाताची कळ

मेलेल्या दाताला दुखत नाही, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मुंबईला शिकून सांगलीत आलेले, आणि मी मराठी घेऊन बी.ए. झालेला. दातातलं त्यांना कळणार, कवितेतलं मला. म्हणून मी मान डोलावली आणि खुर्चीत मागं रेललो. त्यानंतर थोड्याच वेळात मला जे दुखलं, तसं त्याआधी कधी दुखलं नव्हतं आणि नंतरही कधी दुखलं नाही. पुढं आयुष्यात हाड मोडलं, मूतखडा झाला. पण दुखणं म्हटलं की साठच्या दशकातली ती सांगलीची दुपार आठवते आणि हात आपोआप डाव्या गालावर जातो.

त्या दाताचं मला काय मोल होतं ते आधी सांगतो.

मी वडूजकडच्या एका लहान गावातला. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो. त्याआधी आम्ही काय होतो हे गावानं आम्हाला रोज सांगितलेलं होतं. वडील पलटणीत. आमच्या भावकीत चौथीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, तिथं मी साताऱ्याला वसतिगृहात राहून बी.ए. झालो. हे मी मिरवून सांगतो. मिरवण्यासारखं आहे, म्हणून मिरवतो.

साताऱ्यात पहिल्या वर्षी मी वर्गात तोंड उघडलं की पोरं हसायची. हाय, न्हाई, व्हय ही आमची भाषा. ती वाईट नव्हे, घरी मी आजही तीच बोलतो. पण तिला हसणाऱ्यांच्या हातात आमचं पास-नापास होतं. मग मी सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला जाऊन मोठमोठ्यानं वाचायला लागलो. एकेक अक्षर दातांवर घासून घ्यायचं. शेवटच्या वर्षी वक्तृत्वात पहिला आलो. पुढं सांगलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायची जागा निघाली, तेव्हा मुलाखतीत मला एक उतारा वाचायला दिला. समोरच्या मंडळींतल्या एकानं अर्जावरचं आडनाव बघून चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. मी वाचायला लागलो तसा त्यानं तो परत डोळ्याला लावला. नोकरी पदवीनं मिळाली असेल, पण मला विचाराल तर ती आवाजानं मिळाली.

आणि त्या आवाजाच्या दारातच तो दात होता. वरचा, पुढचा, डावीकडचा. लहानपणी त्याला मार बसला होता, तेव्हापासून तो राखेच्या रंगाचा झालेला. दुखत मात्र नव्हता. सांगलीला लागल्यावर एका हिवाळ्यात त्याच्यावरच्या हिरडीला पुटकुळी आली आणि ठणका सुरू झाला.

तेव्हा दात दुखला की उपटायचा, हीच रीत होती. ती मला चालणारी नव्हती, कारण आमच्याच शाळेत एक वयस्कर शिक्षक होते, त्यांचे पुढचे दात गेलेले. माणूस विद्वान. पण स म्हणायला गेले की नुसता वारा यायचा. कवळी करून घेतली होती, ती बोलताना खाली घसरायची, म्हणून ते ती खिशात ठेवायचे. पोरं त्यांना फुंकणी म्हणायची आणि मागच्या बाकावरून फू फू करून चूल पेटवायची. त्यांच्या आडनावाला कुणी हसत नव्हतं. माझ्या आडनावाला हसायला निमित्तच हवं होतं. फुंकणी व्हायची माझी तयारी नव्हती.

त्यामुळं गावात नवे डॉक्टर आलेत आणि ते दात न काढता बरा करतात असं कळलं, तेव्हा मी शाळा सुटल्यावर तडक तिकडंच गेलो. दवाखाना हळदीच्या वखारीवर, माडीला. जिन्याच्या पायऱ्या पिवळ्या, माझा लेंगा पिवळा, डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची कडसुद्धा पिवळी. त्यांनी माझं नाव, आडनाव, गाव विचारून लिहून घेतलं. आडनाव लिहिताना मी त्यांच्या टाकाकडं बघत होतो. अनेक टाक मी त्या जागी थबकलेले बघितले होते. हा थबकला नाही. मग डॉक्टरांनी साबणानं हात धुतले आणि दोन बोटं माझ्या तोंडात घातली.

तेव्हा हातमोजे नसायचे. उघडी, ओली, साबणाच्या वासाची बोटं. आमच्या माणसांखेरीज दुसऱ्या कुणाचा हात माझ्या तोंडाला लागायची ती पहिलीच वेळ. मला दचकायला झालं. दुखलं का, म्हणून त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. दाताच्या मुळात एक बारीक नळी असते, तिच्यात नस असते. माझी नस कधीच मेलेली होती, आता ती कुजत होती आणि घाण मुळापलीकडच्या हाडात शिरत होती. मागून भोक पाडून ती घाण काढायची, नळी आतून स्वच्छ धुवायची, आणि मग बुजवून टाकायची. दात जागेवर राहतो. याला रूट कॅनाल म्हणतात. मी तो शब्द घोळवत पिवळा जिना उतरलो.

पहिल्या दिवशी त्यांनी दोरीवर फिरणाऱ्या यंत्रानं दाताला मागून भोक पाडलं, पू निघाला, ठणका थांबला. मी त्या रात्री ओंडक्यासारखा झोपलो. माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

पुढच्या खेपेला धुणं होतं. एनॅमलच्या ताटलीत काचेच्या दोन पिचकाऱ्या मांडलेल्या. एकीतल्या औषधाला ओळखीचा वास येत होता. पटकीची साथ आली की गावात आरोग्य खात्याचा माणूस विहिरीत पांढरी पावडर टाकायचा, तोच. दुसरीतलं औषध पहिल्यावर पडलं की फेस यायचा. फेस घाण बाहेर आणतो, असं डॉक्टर म्हणाले. दात मेलेलाच, म्हणून सुई मारून भूल दिलेली नव्हती. त्यांनी एवढंच सांगितलं की काही वाटलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबतो.

सुरुवातीला काही वाटलं नाही. औषध आत जायचं आणि तसंच परत येऊन कापसात मुरायचं. मग ते म्हणाले की तळापर्यंत धुतलं पाहिजे, नाहीतर परत कुजेल, आणि सुई आणखी आत सरकवली. ती अडकली. मला ते स्पष्ट कळलं, दाराला पाचर बसावी तशी ती नळीत बसली. त्यांनी अंगठा टेकला तर दट्ट्या हलेना. नाकाच्या मुळाशी आत काहीतरी भरत चाललंय असं वाटलं. नदीत खोल बुडी मारल्यावर कानात दाटतं, तसं.

आता हात वर करायचा होता. हात खुर्चीच्या दांड्यावर होता आणि तो तिथंच राहिला.

मी भित्रा नाही आणि सहनशक्ती दाखवायची मला हौसही नाही. कारण निराळं आहे. गावच्या शाळेत आम्ही वर्गाबाहेर, व्हरांड्यात दाराशी बसायचो. मास्तर प्रश्न विचारायचे. मला उत्तर यायचं. मी हात वर करायचो. मास्तरांची नजर दारापर्यंत यायची आणि उंबऱ्याला ठेचाळून माघारी जायची. पहिलं वर्ष मी हात वर करत राहिलो. मग सोडलं. सुटलं ते सुटलंच. कॉलेजात मला उभं केलं तर मी घडाघडा बोलायचो, पण आपणहून हात वर केल्याचं आठवत नाही. आपला हात वर गेला की समोरचा थांबतो, हे माझ्या अंगाला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरांनी अंगठा दाबला. दट्ट्या सुटला.

डोळ्याच्या मागं कुणीतरी निखारा ठेवला म्हणावं, तर निखारा एका जागी तरी राहतो. ही आग धावली. हिरडीतून गालात, गालातून डोळ्याच्या खोबणीत, तिथून कानशिलात. विहिरीच्या पावडरीचा वास नाकात आतून आला. मी ओरडलो की नाही, मला सांगता येणार नाही. खाली वखारीतले हमाल जिन्यापर्यंत आले होते, त्यावरून ओरडलो असेन. भोकातून रक्त येत होतं. आणि गाल माझ्या हाताखाली फुगत होता. मी तळवा दाबून धरला होता आणि तळव्याखालचं मांस वर येत होतं, भाकरी तव्यावर फुगते तसं. माझंच तोंड माझ्या हाताला ढकलत होतं. डाव्या डोळ्याची फट राहिली, मग तीही मिटली.

उजव्या डोळ्यानं मी डॉक्टरांकडं बघितलं. ते पांढरेफटक पडले होते. पण हात चालत होते. त्यांनी मिठाच्या पाण्यानं दात हळूहळू धुतला, पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, आणि मग कोटासकट जिना उतरून पळत गेले. सोडावॉटरच्या दुकानातून बर्फ आणला. बर्फाला लाकडाचा भुसा चिकटलेला. तो त्यांनी स्वतः धुऊन फडक्यात बांधला आणि माझ्या गालाला धरून उभे राहिले.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “मास्तर, हात का नाही वर केलात?”

मला बोलता येत नव्हतं. येत असतं तरी त्या व्हरांड्याचं सांगणं एवढ्या लवकर जमलं नसतं.

खोलीवर गेलो. दारामागं दाढीचा आरसा होता, त्यात बघितलं आणि मागं सरलो. दुसऱ्या दिवशी सूज गळ्यापर्यंत उतरली आणि गाल निळा-काळा झाला, पिकल्या जांभळाचा. वरचा ओठ उलटला होता. मी दार लावून घेतलं आणि आवाज बघायला लागलो. सातारा म्हणून बघितलं. फातारा आलं. सांगली म्हणून बघितलं. फांगली. पुन्हा पुन्हा म्हटलं, पुन्हा पुन्हा फूच आलं. ओठ सुजल्यामुळं होतंय हे बी.ए.ला कळत होतं. पण मन कुठं बी.ए. असतं. मला फुंकणी दिसायला लागली. ती खिशातली कवळी दिसायला लागली.

घरमालकांनी माझी अवस्था बघून वडूजला जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ निरोप दिला की मास्तरांचं तोंड सुजलंय, बोलता येत नाही. तेव्हा निरोप असेच जायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी आबा दारात उभे. आबा म्हणजे माझे वडील. डोक्याला फेटा, अंगात पलटणीतला जुना खाकी कोट, हातात भाकरीचं गाठोडं. मला बघितलं आणि ते गाठोडं खाली ठेवायचं विसरले.

“कुणी मारलं?” त्यांनी विचारलं.

दात, डॉक्टर, पिचकारी असं मी तुटक तुटक सांगितलं. त्यांचा आधी विश्वास बसेना. दात धुवायला कुणी सुई घालतं का, असं त्यांचं म्हणणं. मग बसला तेव्हा ते तापले. पलटणीत त्यांची दाढ दुखली, तर एका शिखानं पक्कडीनं काढली आणि ते त्याच दिवशी परेडला उभे राहिले, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होतो, ती परत ऐकली. तेवढ्यावर थांबले नाहीत.

“शिकल्याली माणसं तुमी. एक दात, त्याला धुत्यात काय, पुसत्यात काय. म्हस हाय का ती? चल, आत्ताच्या आत्ता उपटून टाकू. मी सांगतो तुज्या डागदरला.”

मी नको म्हणालो. का नको, हे सांगता येईना. सांगायला गेलो की फू यायचं, आणि ते ऐकून आबांचा चेहरा आणखी कडक व्हायचा.

आम्ही पिवळा जिना चढलो. आबा पुढं, मी उपरण्यानं तोंड झाकून मागं. आबा भांडायच्या तयारीनं गेले होते. साहेबाशी बोलताना ते पाय जुळवून ताठ उभे राहायचे, तसेच उभे राहिले आणि म्हणाले की डागदर सायब, मी ह्याचा बाप. पुढं काय बोलायचं ते त्यांनी वाटेत जुळवलेलं असणार, पण त्यांना बोलावंच लागलं नाही.

डॉक्टर खुर्चीतून उठले. म्हणाले, “बसा. तुमच्या मुलाची यात काही चूक नाही. चुकलं माझं. सुई अडकली होती, तिथं मी जोर द्यायला नको होता.”

मी आबांकडं बघितलं. त्यांनी आयुष्यात कितीतरी साहेब बघितले होते, गोरे आणि काळे. गावचे पाटील, मास्तर, सावकार सगळे बघितले होते. त्यांच्या तोंडावर असं कुणी म्हटलेलं नव्हतं. भांडायला आलेला माणूस जोर लावायला जातो आणि समोरचं दार आधीच उघडं असतं, तसं त्यांचं झालं. ते बाकावर बसले, खरं म्हणजे टेकले. मला तर गालातली कळ विसरायला झाली. डॉक्टरांनी पहिल्यांदा तोंडात बोटं घातली तेव्हा दचकलो होतो, पिचकारी सुटली तेव्हा जीव जातोय असं वाटलं होतं. पण ह्या वाक्यानं बसला तसा धक्का त्या दोन्ही वेळी बसला नव्हता. कारण दुखण्याला काय करायचं ते मला माहीत होतं. याला काय करायचं ते माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी आदल्या दिवशी खोलीवर येऊन मला मिरजेला पाठवून दाताचा क्ष-किरण फोटो काढून आणायला लावला होता. तो त्यांनी खिडकीत उजेडाला धरला. आबांनाही जवळ बोलावलं. माझ्या शेजारच्या दातांची मुळं टोकाला निमुळती होऊन मिटलेली, सुईच्या टोकासारखी. माझ्या त्या दाताचं मूळ टोकाला उघडं, फुटक्या नळासारखं. हा फोटो आधीच काढायला हवा होता, तेही राहिलं, असं ते म्हणाले. धुण्याचं औषध आत गेलं की सुईच्या कडेनं परत बाहेर आलं पाहिजे. सुई घट्ट बसली की परतायची वाट बंद. मग ते पुढं मुळाकडं जातं. मुळाचं तोंड उघडं असलं तर सगळं हाडात आणि मांसात.

“म्हंजी पाण्याचा दंड तुंबला आणि बांध फुटला,” आबा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, तसंच. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं की दाताला मार केव्हा लागला होता. मुलाचा दात उगवला तरी त्याचं मूळ मिटायला दोन-तीन वर्षं जातात. मिटायच्या आत नस मेली तर ते कायमचं उघडं राहतं. म्हणजे तुम्ही फार लहान असणार.

घरी मी सांगितलेलं होतं की पडलो. आईला तेच माहीत, आबांना तेच. इतकी वर्षं झाली होती की मलाही कधी कधी पडल्यासारखं आठवायचं. पडलो, एवढंच मी म्हणणार होतो. पण समोरचा माणूस नुकताच खरं बोलला होता, आणि त्यानंतर खोटं बोलायला मला जड गेलं.

सुजल्या ओठानं, फू फू करत, मी सांगितलं. शाळेच्या आडाला आम्ही हात लावायचा नाही. मधल्या सुटीत वरच्या आळीतला एक मोठा पोरगा तांब्या घेऊन काठावर उभा राहायचा आणि वरून पाणी ओतायचा. आम्ही खाली बसून ओंजळ तोंडाला लावायची आणि प्यायची. बस म्हणायला तोंड मोकळं नसायचं. ओतणारा थांबेल तेव्हा थांबायचं, तोवर गिळत राहायचं, नाकात गेलं तरी. तो पोरगा वाईट नव्हता. त्या दिवशी कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं मान वळवली आणि तांब्या निसटला. पितळेचा, भरलेला. माझ्या दातावर बसला. मी तेव्हा दुसरीत होतो.

डॉक्टर फोटो हातात धरून उभे होते. तो खाली ठेवावा हेही त्यांना सुचलं नाही.

आबा माझ्याकडं बघत नव्हते. खिडकीतून खाली हळदीच्या पोत्यांकडं बघत होते. “मला न्हाई सांगितलंस,” ते म्हणाले.

“तुमी पलटणीत होता.”

“आल्यावर?”

मी उपरणं परत तोंडावर घेतलं. आबा सुटीवर यायचे तेव्हा खाकी कपडे घालून गावातून ताठ चालायचे. त्या चालण्याकडं आम्ही पोरं बघत राहायचो. ते चालणं मला मोडायचं नव्हतं.

पुढं डॉक्टरांनी काय काय करता येईल ते सांगितलं. दात काढून टाकणं सोपं, तुम्ही म्हणाल तर सूज उतरल्यावर काढून देतो आणि चांगला खोटा दात बसवतो, त्याचे काही घेणार नाही. ठेवायचा तर परत धुवावा लागेल, निराळ्या रीतीनं, वेळ जाईल, आणि टिकेलच असं वचन देत नाही. मी आबांकडं बघितलं, कारण उपटायचं म्हणत तेच आले होते.

आबा उठले. पाय जुळवले. म्हणाले, “डागदर सायब, त्यो दात ऱ्हायला पायजे. काय बी करा. त्यो काढायचा न्हाई.”

सूज उतरायला बराच काळ गेला. गाल निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा. पिवळा झाला तेव्हा घरमालक म्हणाले की आता सांगलीचे शोभता. आबा परत गेले आणि पुढच्या खेपेच्या दिवशी परत आले. मी बोलावलं नव्हतं. खाकी कोट घालून बाकावर बसले, पहारा असल्यासारखे.

डॉक्टरांनी ताटली मला दाखवली. या खेपेला एकच पिचकारी होती. वासाचं औषध नव्हतं, फेसाचं नव्हतं; उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी. सुई त्यांनी दगडावर घासून बोथट केलेली आणि आखूड केलेली, तळाला पोचणारच नाही अशी. मला त्यांनी झोपवलं नाही, बसवूनच ठेवलं आणि मान जरा पुढं झुकवायला लावली, म्हणजे पाणी आपल्या वजनानं बाहेर पडेल. माझ्या हातात थुंकायची चिलमची दिली. आत जाईल त्याहून जास्त बाहेर आलं पाहिजे, तुम्हीही लक्ष ठेवा, असं ते म्हणाले. मग तेच परत म्हणाले, काही वाटलं तर डावा हात वर करा.

सुई आत गेली. ती सैल होती, नळीत डुलत होती, हे मला जाणवलं. कोमट पाणी आलं आणि ओठावरून चिलमचीत टपकायला लागलं. दुखलं नाही. काहीच दुखलं नाही. दात तोच, हात तोच, धुणंही तेच, आणि तरी काही नाही. मला ते खरं वाटेना. मी कळेची वाट बघत बसलो होतो. पाठीतून घाम चालला होता, पायाची बोटं चपलेत आखडलेली, आणि पाणी आपलं थेंब थेंब पडतंय.

मी डावा हात वर केला.

पाणी थांबलं. सुई बाहेर आली. डॉक्टर वाकून बघायला लागले. “दुखलं?”

“नाही,” मी म्हणालो. “थांबता का ते बघितलं.”

ते हसले नाहीत. “बघा. केव्हाही बघा,” म्हणाले, आणि पिचकारी परत भरून घेतली.

थोड्या वेळानं मी परत हात वर केला. ते परत थांबले. मग आणखी एकदा. बाकावरून आबांचा आवाज आला, “आरं आता त्यास्नी काम करू दे की. हात हाय का सिग्नल?” डॉक्टरांना तेव्हा हसू आवरेना, आणि तोंडात कापूस असताना मलाही.

अशा आणखी खेपा झाल्या. दर खेपेला खोलीवर जाऊन मी रात्रभर कळेसाठी जागा राहायचो आणि ती आली नाही म्हणून सकाळी चकित व्हायचो. शेवटी नळी कोरडी निघाली, वास गेला, आणि डॉक्टरांनी ती बुजवली. किती टिकेल सांगता येत नाही, असं तेव्हाही म्हणाले. मी निवृत्त होईपर्यंत त्याच दातावर शिकवलं. राखेच्या रंगाचाच राहिला.

बुजवला त्या दिवशी आबांना पोचवायला एस.टी. स्टँडवर गेलो. वडूजची गाडी लागायची होती. शेजारी दुसरी एक उभी होती. आबांनी तिच्याकडं बोट केलं.

“ही कुठली रं?”

“सांगली-सातारा,” मी म्हणालो.

आबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाले, “कुठली?”

“सांगली-सातारा, आबा. आपली नव्हे ती.”

त्यांनी मान डोलावली आणि फेटा सारखा केला. त्यांची चौथी झालेली होती. पाटी त्यांना वाचता येत होती.